वयोमानानुसार मंद

जानेवारीचा पहिला आठवडा होता. नागपुरात त्या दिवसांत पहाटेचा पारा नऊ-दहा अंशांपर्यंत उतरतो आणि प्रतापनगरातील माझ्या दवाखान्यात सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांची वर्दळ वाढते. त्यामुळे सकाळी साडेनऊला फाटकाशी एक मोटार थांबली आणि थोराड अंगाच्या एका लॅब्राडोरला चादरीच्या झोळीत घालून दोघे जण आत घेऊन आले, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. बंड्याला मी तो तीन महिन्यांचा असल्यापासून ओळखत होतो. आता त्याला बारावे वर्ष लागले होते.

"डॉक्टरसाहेब, याला इंजेक्शन देऊन मोकळं करून टाका," घरातला मुलगा झोळी खाली ठेवता ठेवताच म्हणाला. "काल माझ्या पोराला चावला जी हा." त्याच्या मागून त्याची आई भिंतीचा आधार घेत एकेक पायरी चढत होती. या काकूंनी बंड्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेले. त्या काहीच बोलल्या नाहीत.

आधी मी नातवाची चौकशी केली. सात वर्षांचा मुलगा. मनगटावर दाताचा ओरखडा, थोडे रक्त. बंड्याची रेबीजची लस वेळेवर झालेली होती, तरीही जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना आजच दाखवावे, असे सांगून मी काकूंच्या मुलाला घरी फोन करायला लावला. मग विचारले की चावला तेव्हा नेमके काय चालले होते. नातू शाळेतून आला आणि झोपलेल्या बंड्याच्या पाठीवर नेहमीप्रमाणे आडवा पडला, एवढेच. अकरा वर्षांत ज्याने कोणावर दात काढला नाही, त्याने पाठीवर वजन पडताच दात लावावा, याचा अर्थ स्वभाव बिघडला असा काढण्यापूर्वी त्या पाठीखाली काय आहे हे पाहणे भाग होते.

मी त्याला टेबलावर न घेता जमिनीवरच तपासले. पाठीमागचे दोन्ही पाय बांबूसारखे बारीक झाले होते. मांडीवरून हात फिरवला तर हाडाची कडा लागत होती. उलट छाती आणि खांदे भरलेले, कारण मागचा भार तो किती तरी दिवसांपासून पुढच्या पायांवर ढकलत आला होता. मागचा पंजा उलटा करून टेकवला, तर त्याने तो लगेच सरळ केला, म्हणजे मज्जातंतू निदान तेवढे तरी शाबूत होते. उजवा पाय मी सावकाश मागे ताणला. तो ओरडला नाही, गुरगुरलाही नाही; फक्त जीभ आत घेतली, तोंड मिटले आणि मान वळवून माझ्या हाताकडे पाहिले. खुबा दुखणारा कुत्रा असाच सांगतो. केकाटणे ही ताज्या इजेची भाषा आहे. महिनोन्महिने मुरलेली वेदना कमी चालण्यात, पायरीपाशी थबकण्यात, उठताना दोनदा प्रयत्न करण्यात आणि अंगाला हात लागू न देण्यात दिसते, आणि आपण तिला म्हातारपण म्हणतो.

वजन एक्केचाळीस किलो भरले. त्याच्या हाडापेराला बत्तीस पुरले असते.

एक्स-रेमध्ये फारसे आश्चर्य नव्हते. खुबा हा उखळीचा सांधा; बंड्याची उखळ जन्मापासूनच उथळ असावी, हा लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये वारंवार दिसणारा दोष. अशा सांध्यात मांडीच्या हाडाचा गोलवा नीट बसत नाही, वर्षानुवर्षे घासला जातो, हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, झिजते आणि शरीर कडेने नवे हाड रचून सांधा आवरू पाहते, त्यातून तो अधिकच आखडतो. दोन्ही बाजूंचे गोलवे चपटे झाले होते आणि कडांना हाडाचे काटे आले होते. निदान झाले, आता वेदनाशामक लिहायचे, म्हणून मी पॅड पुढे ओढले आणि सवयीने विचारले, "घरी काही औषध चालू आहे का?"

मुलगा नाही म्हणाला. काकूंनी मात्र पर्स उघडली. त्यांच्या हातात कात्रीने कापलेली गोळ्यांची पट्टी होती आणि वर्तमानपत्राच्या चौकोनी घडीत एक अर्धी गोळी. "माझे गुडघे आन् याचे गुडघे एकसारखेच दुखून राहिले, डॉक्टरसाहेब. मला यानं आराम पडतो, म्हणून अर्धी पोळीत घालून द्यायची. तीन आठवडे झाले." ती डायक्लोफिनॅकची गोळी होती. मुलाने आईकडे पाहिले. त्याला हे ठाऊक नव्हते.

विष्ठेचा रंग विचारला, तर डांबरासारखा, आठवड्याभरापासून; म्हणजे पोटात रक्तस्राव होत होता. काकूंना वाटले होते की पालक खाल्ल्यामुळे असेल. आम्ही पशुवैद्यांनीच हे औषध एकेकाळी गायी-बैलांना सर्रास टोचले. तशी जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि 2006 साली जनावरांसाठी ते बंद झाले. कुत्र्याच्या पोटालाही ते सोसत नाही. या जातीची औषधे ज्या रसायनांना अडवून दाह कमी करतात, तीच रसायने जठराचे अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवत ठेवतात. बंड्याचे हिमोग्लोबिन नऊवर आले होते, बाराच्या वर हवे होते; मूत्रपिंडाचे काम किती चालते ते सांगणारे क्रिएटिनीनही किंचित वाढलेले. मी न विचारता दुसरे वेदनाशामक दिले असते, तर त्या पोटाला पुरते भोक पडू शकले असते.

सलाईन सुरू केले आणि जुना केसपेपर काढायला सांगितले, केवळ मागचे वजन पाहावे म्हणून. दीड वर्षापूर्वीच्या लसीकरणाची नोंद वर आली: वजन अडतीस, आणि शेजारी माझ्याच अक्षरात "पायऱ्या हळू चढतो, वयोमानानुसार मंद". तेव्हा काकूंनी मला विचारले होते, हे आता मला आठवले. मी लस टोचली होती आणि म्हणालो होतो की वय झाले, चालायचेच. त्याला दवाखान्याच्या अंगणात चार पावले चालवूनही पाहिले नव्हते. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला पहिल्या धड्यात शिकवले होते की म्हातारपण हा रोग नव्हे. मी ती नोंद काकूंना दाखवली. गोळीचा अपराध एकट्या त्यांनी डोक्यावर घ्यावा, हे मला बरे वाटेना.

इंजेक्शनचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही, मुलगा एवढेच म्हणाला, "पाहू महिनाभर."

पोट सावरेपर्यंत त्याला जठराचे औषध आणि वेदनेसाठी गॅबापेंटिन दिले. खरे काम घरात होते. बंड्या झोपायचा तो गुळगुळीत टाईल्सवर, आणि उठताना मागचे पाय दोन्हीकडे फाकून घसरायचे; म्हणून पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत रबरी मॅट अंथरायला सांगितल्या, जाड गादी दिली, नखे आणि पंजांमधले केस कापले. आठवडाभर घरात आणि रविवारी अंबाझरीच्या बाजूला तासभर, हा शिरस्ता मोडून रोज तीनदा दहा-दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालवायचे ठरले. सर्वात अवघड होते ते जेवण, कारण तूप लावलेली पोळी आणि संध्याकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटे हा काकूंच्या आणि बंड्याच्या नात्याचा भाग होता. अमेरिकेत 48 लॅब्राडोर पिल्लांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास मी त्यांना सांगितला: जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी दिले, तर कमी खाणारे सरासरी पावणेदोन-दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांचे खुबेही उशिरा झिजले. काकू ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोळीऐवजी काकडी चालते काय?" चालते, म्हणालो.

सहा आठवड्यांनी रक्त ठीक आले, तेव्हा कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक मेलॉक्सिकॅम अगदी कमी मात्रेत, सिरिंजने मोजून, जेवणानंतर सुरू केले. एप्रिलपर्यंत वजन छत्तीसवर उतरले. लंगडणे कमी व्हायला वजन आदर्शापर्यंत पोहोचावे लागत नाही, सहा-आठ टक्के उतरले तरी फरक पडतो. बंड्याने त्याहून बरेच जास्त उतरवले होते आणि तो फाटकापासून दवाखान्यापर्यंत स्वतःच्या पायांनी आला. नातू बरोबर होता. आता तो बंड्याच्या डोक्याकडे बसतो, मागे नाही. हा नियम त्यानेच मला ऐकवला.

सांधे मात्र आहेत तसेच आहेत. उन्हाळ्यात कूलरसमोरच्या ओल्या फरशीवर तो जाऊन पडला की दुसऱ्या दिवशी उठायला पंधरा मिनिटे लागतात. काकू तेवढा वेळ शेजारी स्टूल घेऊन बसतात आणि गरम फडक्याने शेकतात. जाताना त्यांनी मला विचारले की स्वतःची गोळी त्यांनी चालू ठेवावी का. तुमच्या डॉक्टरांना विचारा, म्हणालो, आणि किती वर्षांपासून घेता तेही त्यांना सांगा.