कलमाचा चाकू रोज सोबत बाळगताना

मी पुण्यात बागांची कामं घेतो. सोसायट्यांच्या गच्च्या, बंगल्यांची आवारं आणि हंगामात मावळातल्या गुलाबवाल्यांकडे डोळे भरायचं काम, म्हणजे चांगल्या गुलाबाचा कोंब दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवायचं. त्यामुळे घडीचा चाकू माझ्याजवळ रोज असतो. पातं अडीच इंचांच्या आसपास, धार एकाच बाजूने लावलेली, आणि मुठीच्या मागच्या टोकाला साल उचलायची छोटी पितळी जीभ. खुंटावर, म्हणजे ज्या रोपावर कलम करायचं त्याच्या खोडावर, इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, त्या जिभेने साल हलकेच सोडवायची, आत डोळा सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची. आंब्याच्या कोय कलमातही तेच पातं चालतं. कोयीतून आलेलं रोप कोवळं, तांबूस पानांचं असतानाच ते काम उरकावं लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठामुळे ही पद्धत कोकणात घरोघरी पोचली.

दहा रुपयांच्या कटरने का भागवत नाही, असं लोक विचारतात. कटरचं पातं दाबाखाली वाकतं आणि काप मध्येच पोकळ बसतो. साल आणि लाकूड यांच्यामधला ओलसर हिरवा थर दोन्हीकडून सपाट टेकला तरच कलम जगतं. हत्यार चांगलं नसेल तर हातातलं कसब वाया जातं, म्हणून चाकूच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

कायद्याचा प्रश्न डोक्यात यायला कारण शहरातलं वातावरण. कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या सारख्या येऊ लागल्या. 2023 च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयता विकणाऱ्यांना घेणाऱ्याचं आधार कार्ड नोंदवून ठेवायला सांगितलं. नाकाबंदीत डिकी उघडायला लावणं नेहमीचं झालं. माझ्या पिशवीत चाकू, सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री, छोटी करवत. विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी म्हणे चार बोटांपर्यंत चालतं, कोणी म्हणे सहा इंच, कोणी म्हणे घडीचा असला की काहीच होत नाही. रोज जी वस्तू सोबत न्यायची, तिच्याबद्दल ऐकीव माहितीवर राहणं मला पटेना. मी मूळ कायदाच वाचायला घेतला.

शस्त्र अधिनियम 1959 चा आहे. त्यातली शस्त्राची व्याख्या मी पुन्हा पुन्हा वाचली. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र. त्यात धारदार हत्यारंही येतात. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठीच बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे पहिला सवाल लांबीचा नाहीच, वस्तू कशासाठी घडवली हा आहे. लांबी येते ती नियमांत. तलवारी, खंजीर, भाले, सुरे अशा हत्यारांच्या वर्गात 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक वापराच्या वस्तू वगळल्या आहेत. माझं अडीच इंची पातं या मापाच्या जवळपासही जात नाही, आणि ते घडवलंय झाडांच्या कामासाठी. इथपर्यंत वाचून जीव भांड्यात पडला.

पण महाराष्ट्रात राहणाऱ्याने इथे थांबून चालत नाही. चाकू पकडल्याच्या बातमीत शेवटी एक ठरलेली ओळ असते: भारतीय हत्यार कायदा (म्हणजे वरचाच शस्त्र अधिनियम) कलम 4/25 सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम 37(1)(3), 135. ही दुसरी जोडी साध्या माणसाला जास्त लागू पडते. 1951 च्या या अधिनियमाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी शांतता राखण्यासाठी मनाई आदेश काढू शकतात. त्यातला मजकूर बहुतेक सारखाच असतो. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा लाठ्या, किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई. इथे लांबी नाही आणि शेतीच्या वस्तूला वगळणारी ओळही नाही. पोलिसाला ती वस्तू काढून घेता येते आणि ती सरकारजमा होते. आदेश मोडल्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न्यायालयाने कारणं नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही.

हे आदेश क्वचित निघत असतील असं वाटू शकतं. प्रत्यक्षात सण, निवडणूक, आंदोलन, जयंती असं काही ना काही निमित्त असतंच, आणि कित्येक जिल्ह्यांत पंधरा पंधरा दिवसांचे आदेश एकामागून एक निघतात. त्यात हद्दींचा गुंता. घरून निघून तळेगावला गेलो की मी पुणे शहर आयुक्तालयातून 2018 साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत शिरतो. जुन्नरकडे वळलो तर पुणे ग्रामीण, म्हणजे आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. मी वाचलेल्या आदेशांत सरकारी कर्मचाऱ्यांना कर्तव्यापुरती सूट लिहिलेली होती. माळी, सुतार, वायरमन, नारळवाला यांच्याबद्दल अक्षरही नव्हतं. ही उणीव मला खरोखर खुपते. ज्यांचं पोट हत्यारावर चालतं त्यांच्यासाठी आदेशात एक ओळ घालणं अवघड नाही.

मग मी सरळ आमच्या पोलीस ठाण्यात गेलो. चाकू घरी ठेवला, त्याचा फोटो आणि बिल सोबत घेतलं. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेऊन मला गोपनीय विभागातल्या हवालदारांकडे पाठवलं. माणूस अनुभवी होता. फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "बटण आहे का याला? झटका दिला की उघडतो?"

"नाही साहेब, दोन्ही हातांनी उघडावा लागतो."

"मग परवान्याचा प्रश्न येत नाही. पण चालतो असं मी लिहून देणार नाही. कोणीच देणार नाही."

त्यानंतर त्यांनी ज्या चार गोष्टी सांगितल्या त्या मला कुठल्याही पुस्तकात मिळाल्या नसत्या. चाकू खिशात नको, कामाच्या पिशवीत बाकीच्या अवजारांच्या खाली ठेवा. पिशवी तपासायला घेतली की आत काय आहे ते आधीच तोंडाने सांगा, पोलिसाचा हात चाकूवर पडायच्या आत. विचारल्याशिवाय स्वतः काढून दाखवू नका. आणि मिरवणूक, सभा, मतदान केंद्र यांच्या आसपास काम असलं तरी पिशवी नेऊ नका. उठताना मी मनाई आदेश कुठे पाहायचे ते विचारलं. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर, आयुक्तालयाच्या पानावर आणि वर्तमानपत्रात, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून नव्या भागात काम घेतलं की मी आदेश शोधून वाचतो.

याची परीक्षा गणपतीच्या आधी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर झाली. संध्याकाळची नाकाबंदी. मी गाडी बाजूला घेतली आणि डिकी उघडायच्या आधी म्हणालो, "साहेब, आत बागकामाची अवजारं आहेत, त्यात कलमाचा चाकू आणि सिकेटर आहे." तरुण शिपाई होता. त्याने बॅटरीचा झोत पिशवीत टाकला. वर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या गुलाबाच्या काड्या, पानं काढलेली, देठांचे खुंट तेवढे ठेवलेले. त्याखाली प्लास्टिकच्या कलमपट्ट्यांची गुंडाळी, स्पिरिटची बाटली, कापूस. चाकू तळाशी, चामड्याच्या पाकिटात. त्याने काढायला सांगितलं तेव्हा काढला आणि मिटलेलाच त्याच्या हातात दिला. त्याने उघडून पाहिला. पात्याच्या बुडाशी चीक सुकून काळा झालेला. मागची पितळी जीभ दाखवून म्हणाला, "हे कशाला?"

"साल उचलायला."

एका काडीवरचा डोळा मी बोटाने दाखवला, तो कसा काढतात ते सांगितलं. त्याने मागे उभ्या असलेल्या फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी कुठे काम आहे, मालक कोण, एवढं विचारून जा म्हटलं. चाकू खिशातून निघाला असता आणि सोबत काड्या नसत्या, तर हेच बोलणं वेगळ्या वळणाने गेलं असतं. हत्याराचा हेतू त्याच्या शेजारी ठेवलेल्या वस्तूंवरून कळतो, आणि पोलीसही तेच पाहतात. म्हणून आता सुट्टीच्या दिवशी, नुसतं भाजी आणायला जाताना, चाकू माझ्याजवळ नसतो.

विकत घेतानाही हाच विचार ठेवावा. बटणाचा, स्प्रिंगचा, झटक्याने उघडणारा चाकू कितीही देखणा असला तरी घेऊ नये. दिल्लीत 29 ऑक्टोबर 1980 च्या अधिसूचनेने बटणदार, गरारीदार (दात्यांच्या खटक्याच्या) अशा चाकूंवर बंधनं घातली, आणि तिथे मर्यादा 7.62 सेंटिमीटर लांब आणि 1.72 सेंटिमीटर रुंद पात्याची. म्हणजे एका शहरात ज्याकडे कोणी पाहत नाही तो चाकू दुसऱ्या शहरात गुन्ह्याचा विषय होऊ शकतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात नुसता चाकू सापडल्यावरून चालवलेला खटला रद्द केला. ती अधिसूचना विक्रीसाठी बाळगण्याबद्दल आहे आणि आरोपपत्रात तसं काही म्हटलेलंच नव्हतं, हे कारण. निकाल चांगलाच लागला, पण त्या माणसाला तिथपर्यंत जावं लागलं. बिल जपून ठेवावं. माझ्या बिलावर बडिंग नाइफ, म्हणजे डोळे भरायचा चाकू, असं स्पष्ट लिहून घेतलं आहे आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये असतो.

माझी भाची नोकरीनिमित्त हिंजवडीला राहते. रात्रीची पाळी. तिने एकदा विचारलं, "मामा, मलाही एक छोटा चाकू आणून दे ना, पर्समध्ये राहील." मी तिला नाही म्हणालो, आणि का ते नीट बसून सांगितलं. शस्त्राच्या व्याख्येत बचाव हा शब्द आहे. चाकू कशासाठी, या प्रश्नाला स्वसंरक्षणासाठी असं उत्तर दिलं की आपण स्वतःच्या तोंडाने त्या वस्तूला शस्त्र ठरवतो. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे आणि तो मोलाचा आहे, पण हल्ला झाल्यावर काय करता येतं ते तो सांगतो. रोज चाकू बाळगायची मुभा त्यातून मिळत नाही. त्याहून मोठी भीती मला वेगळीच आहे. झटापटीत छोटा चाकू ज्याच्या हातात जोर जास्त त्याच्याकडे जातो. तिच्या फोनवर 112 कसं लावायचं ते दाखवलं, कंपनीची गाडी दारापर्यंत येईल असा अर्ज करायला लावला. ती पहिल्यांदा रुसली होती. आता पाळी संपल्यावर गाडीत बसली की मला निरोप टाकते.

काही ठिकाणी चाकू न्यायचाच नाही, हे पक्कं. मेट्रोने जायचं असेल त्या दिवशी पिशवीत अवजारं नसतात. न्यायालय, कलेक्टर कचेरी, मॉल, सगळीकडे तेच. विमानात हातातल्या सामानात कुठलाच चाकू चालत नाही. शीख प्रवाशांना देशांतर्गत विमानात ठरावीक मापाच्या कृपाणाची सवलत आहे, तेवढीच. मी बाहेरगावी कलमं बांधायला जातो तेव्हा चाकू पाकिटात घालून, वर जाड पुठ्ठा बांधून काउंटरवर द्यायच्या बॅगेत टाकतो, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही.

सगळ्यात उपयोगी पडला तो बदल साधा आहे. जिथे माझं काम कायमचं आहे, त्या सोसायट्यांत आणि तळेगावच्या पॉलिहाउसवर मी एकेक चाकू तिथल्या पेटीतच ठेवला. किल्ली माळीकाकांकडे. रस्त्याने न्यायचा तो एकच उरला. मनाई आदेश कडक असतील, विसर्जनाचे किंवा मतदानाचे दिवस असतील, तेव्हा तोही घरी राहतो. काड्या आदल्या दिवशी सिकेटरने छाटून जागेवरच ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवायच्या. गुलाबाचे डोळे तसे दोन-तीन दिवस सहज ताजे राहतात, रस्ते मोकळे झाले की भरता येतात.