बेस्ट बिफोर आणि चकलीवाले काका

लेबलं तपासणं हे माझं काम. नागपूरला एका पॅकेजिंग डिझाइनच्या ऑफिसात आहे, चिवडा-चकली-पापडवाल्यांचे पाउच आमच्याकडे डिझाइन होतात आणि छपाईचे सिलिंडर (प्रत्येक रंगाचा वेगळा) कोरायला जायच्या आधी त्यावरचं अक्षर न् अक्षर माझ्या नजरेखालून जातं. कारण एकदा कोरलं की एका शब्दापायी त्या रंगाचा अख्खा सिलिंडर परत करावा लागतो, आणि तो खर्च कोणाच्या बोडक्यावर यावरून जी भांडणं होतात ती विचारूच नका.

एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२० चे लेबलिंगचे नियम आले तेव्हा जुने पाउच बदलायला रांग लागली होती. त्यात अकोल्याकडचे एक चकलीवाले काका आले. त्यांच्या जुन्या पाउचवर फक्त 'बेस्ट बिफोर' होतं. नव्या नियमात 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय'ची तारीख सक्तीची, बेस्ट बिफोर हवं तर जोडीला टाका, नसेल तर राहू द्या. मला वाटलं चहा येईपर्यंत संपेल. काका खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "मॅडम, थो बेस्ट पयले काढा. त्या बेस्टनं माह्यं वाटोळं केलं."

झालं असं की एका डीलरने त्यांचा बराच माल परत पाठवला होता. बेस्ट बिफोरची तारीख नुकतीच उलटलेली, म्हणून 'एक्सपायर माल' असा शेरा मारून. काकांनी त्यातलंच एक पाकीट सोबत आणलं होतं, माझ्या टेबलावर फोडलं आणि म्हणाले खा. खाल्ली. कुरकुरीत होती, तिळाचा वास तसाच, तेल खवट झालेलं नव्हतं, फक्त ओव्याचा ठसका थोडा उतरला होता असं मला वाटलं (हे मी बोलले नाही).

मग मी त्यांना नियमातली व्याख्याच वाचून दाखवली. बेस्ट बिफोर म्हणजे ज्या तारखेपर्यंत मालाचे ठरलेले गुण शाबूत राहतील ती तारीख, त्यानंतरही पदार्थ खायला पूर्ण सुरक्षित असू शकतो, दर्जा मात्र उतरलेला असू शकतो. एक्सपायरी उलटली की मात्र विकायचंच नाही. काका ऐकून घेऊन म्हणाले, "मंग बेस्ट संपला म्हंजे गुड तरी उरते न?"

खरं सांगते, इतकं नेमकं मला कोणी कोर्समध्येही सांगितलं नव्हतं. शाळेत गुड-बेटर-बेस्ट घोकताना आपल्या डोक्यात बसतं की बेस्ट म्हणजे दहा जणांत पहिला. इथे चकलीची तुलना दुसऱ्या चकलीशी नाहीच, तिची तिच्याशीच आहे, ताजी असतानाची आणि नंतरची. पण 'बेस्ट' वाचून गिऱ्हाईक इतकंच समजतं की आता संपलं, फेका.

आणि गुड-बेटर-बेस्ट हे मुळात एका घरातले नाहीतच. गुड वेगळ्या मुळाचा, बेटर-बेस्ट वेगळ्या. बेस्टचं जुन्या इंग्रजीतलं रूप 'बेट्स्ट', जर्मन आणि डचमध्ये आजही बेस्टच म्हणतात. त्याच मुळातला 'बूट' हा एक जुना शब्द आहे, पायातला नाही, फायदा या अर्थाचा, तो 'टु बूट' म्हणजे 'शिवाय, वर आणखी' एवढ्यापुरताच मुख्यतः शिल्लक राहिलाय. गंमत त्या शेपटाची आहे. बेस्टमधला '-एस्ट' आणि आपल्या श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठमधला '-इष्ठ' हा एकच प्रत्यय, युरोपातल्या आणि आपल्या भाषांचं मूळ एक म्हणून. म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं 'बेष्ट' म्हणतात त्याला आपण हसतो, पण ज्येष्ठ-श्रेष्ठच्या शेजारी तेच जास्त शोभतं.

हे सगळं मी काकांना सांगत बसले, आमचे सर काचेतून घड्याळाकडे बोट दाखवत होते तरी. काका म्हणाले, "मंग आमचं बेस बी त्याचंच व्हय का?" नाही, म्हटलं. वऱ्हाडातलं छान या अर्थाचं 'बेस' हे बेस्टचा ट पडून झालेलं नाही, ते फारसी 'बेश'वरून आलंय, कमोबेशमधला बेश, म्हणजे जास्त. आणि बेहतर-बेटर ऐकायला जुळे वाटतात तरी त्यांचंही नातं नाही, तो निव्वळ योगायोग. काका एकदम खूश, जणू आता डीलरशी हिशोब चुकता होणार.

मागची बाजू तिथेच ठरली. बेस्ट बिफोर काढलं, एक्सपायरी ठेवली, तीही अंदाजाने नाही, लॅबमधून शेल्फ लाइफची टेस्ट करून मगच असं मी बजावलं. तारीख तशीही कोडिंग मशीनने नंतर पडते, त्यामुळे पाउचवर जागा सोडली की भागतं. घोडं अडलं पुढच्या बाजूवर. काकांना लिहायचं होतं, 'महाराष्ट्रातली सर्वात बेस्ट चकली'. आता बेस्टमध्ये 'सर्वात' आलंच की, पण सर्वश्रेष्ठ आपण सर्रास लिहितोच, त्यामुळे मी व्याकरण काढलं नाही. मी म्हटलं, काका, २०१८ च्या क्लेमच्या नियमात दावा खरा हवा, दिशाभूल करणारा नको, प्युअर, नॅचरल, ओरिजिनल असल्या शब्दांना तर वेगळ्या अटी आहेत. उद्या कोणी विचारलं की महाराष्ट्रातल्या बाकीच्या चकल्या कधी तपासल्या, तर काय दाखवणार?

"बायको म्हणते न," असं उत्तर आलं. सर आतून मोठ्याने हसले.

बराच वेळ घासाघीस केल्यावर शेवटी काकांनीच कागदावर लिहून दिलं, 'खाऊन पाहा, बेस हाय'. मी तसंच ठेवलं, लाल रंगाच्या सिलिंडरवर गेलं ते. पाउच बाजारात गेल्यावर इंदूरच्या एका डीलरचा ऑफिसला फोन, की मॅडम बेस्टचा 'ट' राहिलाय, पूर्ण लॉट चुकलाय. मी त्याला काकांचा नंबर दिला.