बूट (डिकी) किती लिटरचा ते राहू दे, दाराचं माप सांगा

गेले चार महिने रविवार म्हणजे सेकंड हँड गाड्या बघणं, एवढंच चाललं होतं. आता गाडी दारात आलीये तर सगळं एकदा लिहून टाकते, कारण टेकडीवर भेटणाऱ्या निदान तिघांचा सध्या हाच प्रश्न आहे की एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, आत मावेल अशी स्वस्तातली जुनी गाडी कुठली घ्यायची.

मी पुण्यात वारज्याला राहते. वेताळ टेकडीला जायला गाडी लागत नाही, घरून पेडल मारत जायचं, दोन तास मातीत घालवायचे आणि नाश्त्याला घरी. पण पानशेतच्या पुढे किंवा पवनेकडे किंवा पुरंदरच्या पायथ्याला जायचं म्हटलं की जाड नॉबी टायरवर आधी चाळीस किलोमीटर डांबर तुडवा, मग खरी मजा सुरू होणार, तोवर पाय संपलेले. आणि पहाटे अंधारात हायवेला ट्रकच्या शेजारून सायकल चालवायची मला भीती वाटते, ती कितीही वर्षं चालवली तरी जात नाही.

बाहेरून लावायचा रॅक का नको हे सगळे विचारतात. रूफवर टाकली तर आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी जाणारच नाही. मागच्या दाराला पट्ट्यांनी लटकवायचा रॅक घेतला तर नंबर प्लेट आणि लाइट झाकले जातात, शिवाय दोन सायकलींचं पंचवीस-सव्वीस किलो वजन जुन्या दाराच्या बिजागऱ्यांवर, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर! पावसाळ्यात मागच्या चाकांचा चिखल सगळा चेनवर. आणि खरं कारण म्हणजे मिसळ खायला थांबलो तर मला गाडीकडे पाठ करून बसता आलं पाहिजे.

तर बजेट पाच लाख, त्यातच टायर, इन्शुरन्स, ट्रान्सफर सगळं. सायकली दोन, माझी २७.५ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली) आणि धाकट्या भावाची २९ इंचीची.

पहिले तीन-चार रविवार आम्ही चुकीचं बघत होतो. डीलर सांगतो मॅडम इतक्या लिटरचा बूट आहे, आपण मान डोलावतो. पण लिटरच्या आकड्यावरून दार किती उघडतं, चाकांच्या उंचवट्यांमध्ये किती जागा उरते, सीट पाडल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते, यातलं काहीच कळत नाही. मग भाऊ म्हणाला, "ताई, आधी सायकल मोज." मोजली. त्याची पुढचं चाक लावून १९२ सेंटीमीटर, चाक काढून १५५. सीटपोस्ट (सीटचा दांडा) पूर्ण खाली, हँडल फ्रेमला समांतर वळवलेलं, अशी आडवी झोपवली तर रुंदी ९० च्या आत. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा १५५ बाय ९० कापला आणि तोच घेऊन फिरलो. डीलर विचित्र बघतात, बघू देत. पुठ्ठा मागच्या दारातून न दुमडता आत गेला पाहिजे आणि दार लागलं पाहिजे, या एकाच परीक्षेत निम्म्या गाड्या दहा मिनिटांत बाद झाल्या.

वॅगनआर उंच असल्यामुळे आशा होती, पण दोन्ही चाकं काढली तर एक सायकल, दोन म्हणजे कसरत. होंडा जॅझने मला खूप मोह घातला, २०१५ च्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्ये मागच्या सीटची गादी सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलली जाते आणि तिथे उंच सामान उभं राहतं. एकटीची एकच सायकल असती तर बहुतेक तीच घेतली असती. इनोव्हात जागा आहे पण तिसरी सीट दुमडून बाजूंना वर टांगली जाते त्यामुळे रुंदी जाते, आणि आमच्या बजेटमध्ये ज्या मिळत होत्या त्यांचं रनिंग ऐकूनच आम्ही निघालो.

ईकोवर आमचं भांडण झालं. जागेच्या दृष्टीने तिला तोड नाही, उंच डबा, सरकती दारं, स्वस्त. पण २०१६ मध्ये गाड्यांची क्रॅश टेस्ट करणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने एअरबॅग नसलेली ईको आपटून बघितली तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले होते, आणि आमच्या बजेटमधल्या जुन्या ईकोत एअरबॅग सापडेना. आईबाबांनाही याच गाडीतून गावी न्यायचंय, त्यामुळे मी नाही म्हटलं आणि त्यावर ठाम राहिले.

(आपल्याकडे स्टेशन वॅगन चालल्या नाहीत याचं मला आता खरंच वाईट वाटतं. टाटांची इंडिगो मरीना किंवा मारुतीची बलेनो अल्टुरा, असल्या कामाला किती नेमक्या गाड्या. पण आता त्या इतक्या जुन्या झाल्यात की पार्टसाठी नाना पेठेत चकरा मारत बसावं लागेल.)

शेवटी एर्टिगा, पहिल्या जनरेशनची, म्हणजे २०१२ ते २०१८ मधली. तिसरी रांग आडवी होते, मधली ६०:४० मध्ये पडते, आणि पुठ्ठा पहिल्याच फटक्यात आत गेला. पण एर्टिगा घेताना एक बघाच, यातल्या बऱ्याच पिवळ्या प्लेटवर टॅक्सी म्हणून पळालेल्या असतात आणि नंतर पांढरी प्लेट करून विकल्या जातात. मीटरवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस रेकॉर्ड मागा, पेडलची रबरं आणि ड्रायव्हर सीटची कड बघा. मागे सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर आपल्या कामाची नाही, तिथेच जागा संपते.

आणि पुण्यात घेताय तर पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात किती गाड्या वाहून गेल्या ते आपण पाहिलंय, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकता नगरीत पुन्हा पाणी. एक फार देखणी एर्टिगा आम्ही जवळजवळ घेतलीच होती, पण आमच्या गॅरेजवाल्या काकांनी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ, कार्पेट उचललं तर सीटच्या बोल्टना गंज. काका डीलरला एक शब्द बोलले नाहीत, मला म्हणाले "चल, चहा पिऊ." टोकनचे पैसे द्यायला मी पर्स उघडलेली होती, त्या दिवशी काका नसते तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

जी घेतली ती २०१५ ची पेट्रोल, एमएच-१४ पासिंग, ७१ हजार किलोमीटर, एअरबॅग असलेली, थेट मालकाकडून, ४ लाख ४० हजारांना. आरसी १५ वर्षांची, म्हणजे २०३० पर्यंत काळजी नाही, त्यानंतर फिटनेस करून रिन्यू करावी लागेल आणि पर्यावरण कर भरावा लागेल. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, आधीच्या मालकाचं लोन होतं म्हणून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ पण. थकलेली चलनं त्यांच्यासमोरच चेक केली, तीन निघाली, त्यांनी लगेच भरली.

आता आतली रचना. मधली सीट पाडली की पायरी राहते, म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ एमएमचा प्लाय मापात कापून आणला, खाली ठोकळे लावून उंची जुळवली, वर रबर मॅट. सीट काढलेली एकही नाही. सीटा कायमच्या उडवल्या तर गाडी आरसीतल्या आसनसंख्येशी जुळत नाही, आणि दिवाळीला सात जण बसवायचे असतात ते वेगळंच.

सायकल झोपवताना चेनची बाजू वर. पेडल काढायची, डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे विसरलात तर जोर लावून आटे घालवाल. दोन सायकलींच्या मध्ये आजीची जुनी गोधडी. चाक काढलं की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये स्पेसर (पॅड लांब ठेवणारा तुकडा) घाला, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन पुढे येतात, पॅड चिकटतात आणि रोटर (ब्रेकची चकती) परत आत जात नाही. पहिल्याच ट्रिपला पानशेतजवळ भाऊ अर्धा तास स्क्रूड्रायव्हरने पॅड मागे ढकलत बसला होता. आणि पट्टा आवळायचाच, दर वेळी, दोन ठिकाणी. तेरा किलोची सुटी सायकल आणि चांदणी चौकातला अचानक ब्रेक, पुढे आपलीच मान असते.

पुठ्ठा अजून ठेवलाय. कुणाला गाडी बघायला जायचं असेल तर घेऊन जा, फक्त २९ची लार्ज फ्रेम सोडून काही असेल तर आधी आपली सायकल मोजा.