47 अमान्य, पण का?

17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसले. वर्गसमीकरणांचे अवयव पाडणं, सूत्रात किमती घालणं लवकर जमलं. अडलं ते क्षेत्रफळाच्या शाब्दिक उदाहरणांत, आणि त्यातही एकाच जागी. त्याचा अजून राग येतो.

शेत 60 मीटर लांब, 40 मीटर रुंद. चारही बांधांना लागून आतून सारख्या रुंदीचा रस्ता सोडला आणि उरलेल्या 1836 चौरस मीटरवर केळी लावली. रस्ता किती रुंद?

रुंदी क्ष मानली की (60 − 2क्ष)(40 − 2क्ष) = 1836. इथे 2क्ष का, ते सासऱ्यांनी चित्र बघून एका वाक्यात सांगितलं, “दोन्हीकडे रस्ता शे ना, मंग दोनदा काढ.” सोडवल्यावर क्ष² − 50क्ष + 141 = 0. उत्तरं 3 आणि 47.

क्लासमध्ये शिकवलेलं की ऋण उत्तर सोडायचं, धन ठेवायचं. इथे तर दोन्ही धन! गाइडमध्ये फक्त ‘47 अमान्य’. का, त्याबद्दल एक अक्षर नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, “मोठं उत्तर खोडायचं, पुढे चला.” मला हे मुळीच पटलं नाही.

घरी येऊन 47 परत समीकरणात घातले. 60 − 94 म्हणजे −34, 40 − 94 म्हणजे −54. ऋण गुणिले ऋण धन, गुणाकार बरोबर 1836! म्हणून समीकरण जुळतं. पण उणे 34 मीटर लांबीची बाग असते का? 40 मीटर रुंदीत दोन्हीकडून रस्ता काढायचा तर क्ष 20 पेक्षा कमीच हवा. ही अट समीकरणात नसते, ती आपण शेजारी लिहायची. एवढंच सांगायचं होतं हो त्यांनी!

आमच्या चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, अशी त्यात नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांचं उदाहरण येतं. कळपाच्या पाचव्या भागातून 3 वजा करून वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय. उत्तरं 50 आणि 5. पण 5 चा पाचवा भाग 1, त्यातून 3 कसे जातील? म्हणून 5 सोडलं. इथे लहान उत्तर गेलं, तेही कारणासकट. 12व्या शतकात जे सांगत होते, ते आज फी घेऊनही सांगत नाहीत.

असं उदाहरण सोडवताना पहिल्या ओळीत क्ष म्हणजे काय ते एककासह लिहा. त्याआधी चित्र काढा, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. रस्ता शेताच्या बाहेरून असेल तर वजा नाही, 60 + 2क्ष आणि 40 + 2क्ष घ्यायचं. तिथे दुसरं उत्तर ऋणच येतं, त्यामुळे क्लासचा नियम तिथे बिनधास्त वापरा.