मेन स्विच बंद केल्यावर

आमच्या संस्थेची अभ्यासिका एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर असून तिथे स्पर्धा परीक्षांची सुमारे ८० मुले-मुली रात्री उशिरापर्यंत बसतात. गेल्या वर्षी जुलैचा ‘बी फॉर्म’ भरण्याचे काम प्रथमच माझ्याकडे आले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे हे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. मागची सगळी प्रमाणपत्रे फाइलला व्यवस्थित लावलेली होती, त्यामुळे काम फक्त सहीपुरते उरले आहे, अशी माझी समजूत होती.

या वेळी आलेल्या अभियंत्यांनी मुले नसताना संध्याकाळी मेन स्विच बंद करायला लावला आणि त्याच क्षणी दोन्ही दारांवरचे हिरवे निर्गम (एक्झिट) फलक दिव्यांबरोबर विझले. आतल्या बॅटऱ्या फुगून निकामी झाल्या होत्या. जिन्याकडे वळण्याच्या कोपऱ्यावर तर फलकच नव्हता. रेडियमची एक पट्टी होती आणि तिच्यावरचा बाण गॅलरीकडे होता, जिथून खाली उतरायला वाटच नाही. अकरा वर्षे त्या जागेत वावरूनही मला मोबाइलच्या उजेडाशिवाय जिना सापडला नाही. कालच प्रवेश घेतलेल्या मुलीने धुरात काय केले असते, हा विचार त्या रात्री मनातून गेला नाही.

त्यानंतर मी राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडचा, अग्निसुरक्षेविषयीचा चौथा भाग वाचून काढला. निर्गम फलक हिरवा आणि प्रकाशित असावा, त्याचे सर्किट स्वतंत्र असावे आणि त्याला पर्यायी वीजपुरवठा असावा. आपत्कालीन दिवे वीज गेल्यावर किमान ९० मिनिटे चालावेत आणि ते प्रत्येक निर्गम दाराजवळ, वळणावर व जिन्याजवळ असावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बाहेर जाण्याच्या वाटेवर आरसा लावू नये, कारण त्यामुळे दिशेचा गोंधळ होतो, ही तरतूद वाचल्यावर दाराशेजारचा आरसा मी त्याच दिवशी उतरवला.

वायरिंग आणि फलकांचा खर्च समितीने फारशी खळखळ न करता मंजूर केला. वाद झाला तो बोळात मांडलेल्या १२ जादा खुर्च्यांवरून, कारण त्यांची फी भाड्याला हातभार लावत होती. मी बैठकीत दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची आठवण करून दिली. १३ जून १९९७ रोजी तिथल्या आगीत ५९ माणसे गेली. बाल्कनीत वाढवलेल्या आसनांमुळे बाहेर पडण्याची वाट अडली होती आणि अंधारात दारे दिसत नव्हती. फलक कितीही चांगला असला तरी त्याच्याखाली खुर्ची आडवी ठेवली असेल तर तो लोकांना खुर्चीपर्यंतच नेणार, हे माझे म्हणणे अखेर मान्य झाले.

दुसऱ्या चाचणीत आम्ही घड्याळ लावून बसलो. कोपऱ्यातला नवा फलक चाळिसाव्या मिनिटाला मंद होऊन विझला, तेव्हा एजन्सीने सही न करता तो बदलायला सांगितला आणि मला त्याचे समाधानच वाटले. तिसऱ्या वेळी दीड तास पूर्ण झाला, तेव्हा तिन्ही फलक उजळलेलेच होते. फॉर्म ३० जुलैला सादर झाला. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मेन स्विच बंद करून प्रत्येक फलकापुढे किती मिनिटे टिकला ते वहीत लिहिले जाते, आणि ती वही फाइलमध्ये न ठेवता दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते.