आमची वाटचाल: विझायच्या आधी सांगते ती बॅटरी

आमच्या जुन्नर भागात टॉर्चला टॉर्च म्हणणारे थोडे. हातात धरतो ती बॅटरी आणि आत घालतो तो सेल. आमचं दुकान या बॅटऱ्यांचं, विक्रीचं आणि दुरुस्तीचंही.

सुरुवात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केली. १९८१ साली बाजाराच्या दिवशी पालाखाली पथारी मांडून ते स्टोव्ह, कुलपं, कंदील आणि बॅटऱ्या दुरुस्त करायचे. त्या काळच्या बॅटऱ्या पितळी, वरून निकेलचा मुलामा, दोन सेलच्या नाहीतर तीन सेलच्या. दुखणी ठरलेली असायची. त्या सेलचं बाहेरचं जस्ताचं डबडं हाच त्याचा ऋण ध्रुव. वापरता वापरता तेच झिजतं, शेवटी भोक पडतं आणि आतला रस बाहेर येऊन स्प्रिंग खातो. आप्पा काचपेपरनं आतली हिरवी पुटं घासायचे, स्प्रिंग बदलायचे, तुटलेल्या पट्टीला कथलाचा डाग द्यायचे. बॅटरी परत देताना प्रत्येकाला सांगायचे, “पाऊस संपला की सेल काढून ठेव रे बाबा.” १९९४ साली गाळा घेतला. २००३ पासून मी बसतो.

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे रात्री पाण्याला जाणारा शेतकरी. शेतीपंपाची वीज पाळीनं येते. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस उसात उतरतो, पाटानं चालतो, काही सऱ्या भरल्या की दार मोडून, म्हणजे पाटाचा मातीचा बांध फोडून, पाणी पुढच्या सऱ्यांना लावतो. पायाखाली पाचट, पाचटात घोणस. उसात बिबट्याही असतो, माणिकडोहचं निवारा केंद्र आमच्यापासून जवळच आहे. अशा जागी हातातली बॅटरी विझणं म्हणजे काय, हे शहरात राहणाऱ्याला सांगून पटणार नाही.

जुन्या बल्बात एक गुण होता, त्याची किंमत आम्हाला उशिरा कळली. सेल उतरायला लागला की बल्ब पिवळा पडायचा, मग तांबूस. माणूस ओळखायचा आणि घराकडे वळायचा. एलईडी आली तेव्हा आम्ही हरखलो. तिच्यात जो पिवळा ठिपका दिसतो, त्याच्याखाली निळा उजेड देणारी चिप असते, वरचा पिवळा लेप त्याचा पांढरा उजेड करतो. याच निळ्या एलईडीसाठी २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. तेवढ्याच सेलवर कितीतरी पट उजेड आणि बल्ब उडायची भीती नाही. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

२०१३ च्या पावसाळ्यात एका पुरवठादाराकडून २०० नगांचा माल घेतला. स्वस्त, दिसायला देखणा, चार्जिंगचा. आतला सेल झाळून बसवलेला आणि डोकं चिकटवलेलं. उघडायची सोयच नव्हती. मला ते खटकलं होतं, पण मागणी होती म्हणून घेतला. त्यातलीच एक मामांनी नेली. आमचं जुनं गिऱ्हाईक, नात्यातले नव्हेत, पण सगळे मामाच म्हणतो. दिवाळीआधी एका रात्री दार मोडायला ते वाकले आणि बॅटरी एकदम गेली. पिवळी पडली नाही, लुकलुकली नाही. आतली सर्किटची पाटी सेल ठरावीक पातळीला उतरला की वीज तोडते, तसं झालं. अंधारात दोन पावलं टाकली आणि घोणस चावली. वेळेत दवाखान्यात पोचले, लस मिळाली, वाचले. पाय महिनाभर सुजलेला होता.

बरे झाल्यावर ते दुकानात आले. भांडले नाहीत. बॅटरी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “शेठ, ही सांगत नाही हो विझताना.”

उरलेला ८४ नगांचा माल मी विकला नाही. गेलेल्यांपैकी जेवढ्या परत आल्या तेवढ्यांचे पैसे दिले. त्या वर्षी दुकान तोट्यात गेलं. पण तेव्हापासून नियम झाला: जी उघडता येत नाही ती ठेवायची नाही आणि जी विझायच्या आधी सांगत नाही तीही नाही.

आता आम्ही खिशात मावणाऱ्या, एका सेलच्या बॅटऱ्या ठेवतो. सेल १८६५० नावाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. नवा नमुना आला की विकायच्या आधी मी तो रात्रभर लावून ठेवतो, दर तासाला बघतो. सेल उतरल्यावर उजेड आपोआप मंद व्हायला हवा किंवा बटणाजवळचा लाल दिवा लागायला हवा. मग काउंटरच्या उंचीवरून फरशीवर तीनदा टाकतो आणि बादलीत अर्धा तास बुडवतो. डब्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकली पाहिजे, असाच त्याचा अर्थ आहे.

घेणाऱ्यानं दुकानात उभ्या उभ्या बघावं असं पुष्कळ आहे. मागचं टोपण फिरवा. चांगल्या बॅटरीचे आटे जाड, गुळगुळीत असतात, टोपण लोण्यासारखं फिरतं आणि आट्यांच्या तळाशी रबरी वायसर चमकताना दिसतो. करकर वाजलं किंवा टोपण तिरकं बसलं तर खाली ठेवा. सेल हातात घेऊन तोला. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, आम्ही काउंटरवर छोटा काटाच ठेवलाय. सेलवर ९९०० एमएएच (सेलात किती वीज साठते त्याचं माप) छापलेलं असेल तर ते खोटं आहे, या मापाच्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपासच बसतात. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप, डब्यावरच्या ५०,००० ल्युमेनचंही तसंच. १०० ल्युमेनवर एका सेलमध्ये रात्र निघते आणि बांधावर चालायला तेवढा उजेड भरपूर होतो. हजार ल्युमेन थोडा वेळ मिळतात, मग अंग तापतं आणि उजेड उतरतो.

डोकं पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करायच्या बॅटऱ्या तरुण पोरांना फार आवडतात. मी त्या देत नाही. सरकत्या जागेतून पाणी आणि चिखल शिरतो. शिवाय झोताबाहेर काळोख राहतो आणि साप झोताबाहेरच असतो. उजेडाचा रंगही निळसर पांढरा नको. किंचित पिवळसर उजेडात वाळल्या पाचटातली घोणस वेगळी दिसते, हे मी स्वतः उसात जाऊन पाहिलंय.

माळशेज नाही तर नाणेघाटाकडे जाणारे ट्रेकर अलीकडे येतात, त्यांनाही तीच बॅटरी देतो. काही गावांत सौर प्रकल्पांमुळे शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. तिथलं आमचं गिऱ्हाईक कमी झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

दुरुस्तीची वही मात्र चालू आहे. प्रत्येक बॅटरीला नंबर, कधी नेली, काय बदललं ते सगळं त्यात लिहिलेलं. हिशेब आता माझी मुलगी बघते आणि डागही माझ्यापेक्षा नेटका देते. गेल्या आषाढात मामांचा मुलगा बॅटरी घेऊन आला. नऊ वर्षं वापरलेली, रंग उडून कडा पांढऱ्या पडलेल्या. मुलीनं टोपण उघडलं, जुना वायसर सुईनं काढला, आटे पुसले, नव्या वायसरला बोटानं सिलिकॉन ग्रीस लावून बसवला आणि उतरलेला सेल घालून दाखवला. लाल दिवा लागला. वीस रुपये झाले.