तुम्ही विचारलंत म्हणून: भेंडीचा तोडा आणि कड्यावरची सावली

उन्हाळाभर भाजीच्या शेतावर राबायचं आणि वर क्लाइंबिंगही करायचं, हे जमतं कसं? हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. क्लाइंबिंगवाल्यांना वाटतं, शेतावरचं काम म्हणजे वेळ आपल्या हातातला, मनात आलं की निघायचं. शेतावरच्या मंडळींना वाटतं, एवढं वाकून झाल्यावर पुन्हा दगडाला लटकायची हौस उरते तरी कशी. ‘वर पिकतं काय?’ असंही एका आजींनी विचारून झालंय. काही पिकत नाही, आजी.

जमतं. पण निम्मं-निम्मं वाटून घेऊन जमत नाही. उन्हाळ्यात माझा पहिला हक्क शेताचा असतो आणि शेताला जे तास नकोत ते कड्याचे. हे एकदा मान्य केलं की बाकीचं बरंचसं आपोआप बसतं. मान्य करायलाच वेळ लागतो, कारण आपली समजूत अशी असते की टंचाई वेळेची आहे. वेळ उन्हाळ्यात पुष्कळ असतो, दिवस मोठे असतात. टंचाई असते ती गारव्याची.

भाजी पहाटे का तोडतात, तर रात्रभरात पानं-फळं पाणी भरून घेतात आणि शेतातला उष्मा तेव्हा सगळ्यात कमी असतो. तोडलेली भाजी मेलेली नसते, तिचा श्वास चालूच असतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे उन्हं वर आल्यावर तोडलेली पालेभाजी क्रेटमध्ये पडल्यापासूनच म्हातारी व्हायला लागते. आता कड्याकडे बघा. बोटांना घाम सुटला की पकड निसटते आणि तापलेल्या दगडावर बुटाचं रबरही मऊ पडून सरकतं. अवघड चढाईला गार, कोरडा दगड लागतो. टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्जसन या क्लाइंबरांनी अमेरिकेतल्या एल कॅपिटान या प्रचंड कड्यावरच्या डॉन वॉल नावाच्या भिंतीची मुक्त चढाई (चढायचं फक्त हातापायांनी, दोर पडलं तर धरण्यापुरता) 14 जानेवारी 2015 रोजी पूर्ण केली, ती भर हिवाळ्यात. त्यातही दिवसा भिंतीवर ऊन पडतं म्हणून कठीण पिच, म्हणजे दोराच्या एकेका लांबीचे टप्पे, त्यांनी अंधारात, हेडलॅम्प लावून केले. गारव्याची किंमत यावरून कळावी. थोडक्यात, शेताला आणि कड्याला दिवसातली एकच वेळ हवी असते, आणि मी ती शेताला दिली आहे. पहाटे कड्यावर जाऊन मग शेतावर जायचं, ही कल्पना फक्त ऐकायला छान आहे.

मग आपल्याला मोकळे दिवस किती मिळणार, हे कॅलेंडर बघून ठरत नाही. शेतात काय लावलंय त्यावरून ठरतं. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते. फूल उमलल्यापासून आठवड्याच्या आत शेंग तोडणीला येते आणि नंतरचे एक-दोन दिवस राहिली की निबर. नुकसान तेवढ्या शेंगांवर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण निबर शेंग झाडावर राहिली की झाड सगळी ताकद बी पोसण्यात घालतं आणि नवी फुलं कमी करतं. म्हणजे एक तोडा चुकवला तर पुढचे तोडेही हलके येतात. काकडीचं, घेवड्याचं तसंच. याउलट कांदा, लसूण, भोपळा ही समजूतदार मंडळी. दोन दिवस उशीर झाला तर कुणी रुसत नाही. टोमॅटो मधला. रंग फिरायला लागला की तोडता येतो आणि उरलेला रंग सावलीत, क्रेटमध्ये चढतो, त्यामुळे एखादा दिवस मागे-पुढे सरकवता येतो. फक्त तो फार थंड ठेवायचा नाही, नाहीतर चव जाते. ज्या काकांच्या शेतावर मी काम करते त्यांना मी हंगामाआधी विचारते ते एवढंच, की यंदा भेंडी किती वाफे? त्या उत्तरात माझा उन्हाळा असतो. काकांना वाटतं मला भेंडी फार आवडते.

पावसाची गंमत वेगळी आहे. उन्हाळ्यात मध्येच जोरदार सर येऊन गेली की शेताचं काम थांबतं. ओल्या जमिनीत पाय घातले, गाडा फिरवला, तर माती दबून घट्ट होते आणि मग मुळांना हवा मिळत नाही. घेवड्याची पानं ओली असताना त्यात शिरलं तर आपल्याच हाता-कपड्यांनी रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती काम करण्याजोगी सुकेपर्यंत, शांत बसायचं. पण कातळाला वाफशाची वाट बघावी लागत नाही. उघड्यावरचा कठीण, घट्ट दगड वारा असला तर काही तासांत चढण्याजोगा सुकतो, मातीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हा जो मधला वेळ आहे, दगड सुकलाय आणि वाफसा आलेला नाही, तो माझा. शिवाय पावसाने हवाही गार केलेली असते. एक अट मात्र आहे, दगड वालुकाश्माचा नसावा. वालुकाश्म पाणी आत घेतो आणि ओला असताना कमजोर असतो. वरून कोरडा दिसला तरी धरलेला होल्ड, म्हणजे पकडीचा कंगोरा, तुटून हातात येऊ शकतो. मग पडणं तर आलंच, आणि तो रूटही, म्हणजे चढाईची ती वाटही, कायमची बिघडली. अशा दगडाला पावसानंतर एक दिवस तरी, मोठा पाऊस असेल तर जास्त, हात लावत नाहीत.

एरवी उरते संध्याकाळ. त्यासाठी कड्याचं तोंड कुठे आहे ते बघायचं. पूर्वेकडे तोंड असलेला कडा सकाळी भाजून निघतो, पण दुपार टळली की सावलीत जातो आणि संध्याकाळपर्यंत बराच निवतो. पश्चिमेचा कडा सकाळी स्वर्ग आणि संध्याकाळी तवा. शेतावर काम करणाऱ्याने पश्चिमेचे कडे हिवाळ्यासाठी राखून ठेवावेत. काळा दगड जास्त तापतो आणि उशिरा निवतो, हेही लक्षात असू द्या.

संध्याकाळच्या चढाईबद्दल मी एका बाबतीत कडक आहे. बिले देणं म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. पहाटेपासून उठलेल्या माणसाने आपली दमणूक ओळखून बिले द्यावा, आणि ओळखता येत नसेल तर देऊ नये. चढणारा दमला तर दोर त्याला धरतो. बिले देणारा पेंगला तर दोर धरणारं कुणी नसतं. तोडणीच्या दिवशी मी बोल्डरिंग, म्हणजे बुटक्या दगडांवर दोराशिवाय चढाई, करते, तेही खाली नीट उतरता येईल असं बुटकं. लांबच्या रूटना तोडणी नसलेला दिवस लागतो. दिवसभर घाम गेलेला असतो, त्यामुळे निघण्याआधी पाणी आणि थोडं मीठ पोटात जायला हवं. लघवी गडद पिवळी असेल तर दोर गाडीतच राहू द्यावा.

आता हात. खरं तर सगळा निबंध हातांवरच लिहायला हवा होता, कारण दोन्ही कामांचं हत्यार तेच आहे आणि सुटं मिळत नाही. माती कातडीतलं तेल शोषून घेते. त्यात सतत ओलं-कोरडं, ओलं-कोरडं चालू असतं, त्यामुळे बोटांची टोकं कडक होतात आणि मग तडकतात. भेंडीच्या शेंगांवरची लव टोचून खाज सुटते, म्हणून लांब बाह्या आणि हातमोजे. पण रबरी हातमोज्यात तासन्‌तास हात घामेजले की कातडी इतकी मऊ होते की संध्याकाळी खडबडीत दगडावर ती सोललीच म्हणून समजा. मी आत पातळ सुती मोजे घालते आणि ते ओले झाले की बदलते. टोमॅटोच्या झाडात हात घातले की हिरवट-काळा चिकट थर बसतो, साबणाला दाद देत नाही. त्यावर उपाय टोमॅटोच आहे. फुटका टोमॅटो हातावर चोळला की आंबटपणाने तो थर सुटतो. बोटावर चीर असेल तर मात्र चोळू नका, डोळ्यांतून पाणी येईल.

रात्री हात धुऊन, पुसून मेणाचं मलम. कातडीचे खडबडीत झालेले कडे पॉलिश पेपरने घासून सपाट करायचे, कारण उचललेला कडाच आधी दगडात अडकतो आणि फाटतो. डॉन वॉलच्या पंधराव्या पिचवर जॉर्जसन दिवसेंदिवस अडकला, त्यात मोठा वाटा फाटलेल्या बोटांचा होता. कातडी भरून येईपर्यंत त्याला मध्ये विसावा घ्यावा लागला. त्याला भिंतीवर टांगलेल्या तंबूत बसून राहता आलं. आपल्याला दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी मिरची तोडायची असते.

‘शेतकामाने ताकद येत असेल ना?’ हा पोटप्रश्न ठरलेलाच. येते, पण ज्या ताकदीबद्दल तुम्ही विचारताय ती नाही. दम वाढतो. उकिडवं बसून खुरपणी केली की खुबे मोकळे होतात, आणि पाय उंच टाकून उभं राहायचं असतं तिथे त्याचा खरंच फायदा होतो. भरलेले क्रेट उचलून कंबर घट्ट होते किंवा धरते, उचलायची पद्धत कशी आहे त्यावर. पण बोटांना काही मिळत नाही. तण उपटताना आपण मूठ आवळतो. बारीक कंगोऱ्यावर बोटांची टोकं मुडपून क्रिंप करणं ही अगदी वेगळी गोष्ट. त्यात मोठा भार बोटाच्या हाडाला कंडरा बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर येतो, ज्यांना पुली म्हणतात, आणि मुळाजवळच्या ए-टू पुलीवर तर फार. स्नायू आठवड्यांत बळकट होतो, कंडरा आणि पुलीला महिने लागतात. दिवसभर तण उपटून फुगलेल्या पंजाने बारीक क्रिंप ओढू नयेत. मी उन्हाळ्यात मोठे होल्ड, उघड्या पंजाची पकड, तिरप्या स्लॅब असलं काहीतरी धरते. चढाईची श्रेणी, म्हणजे अवघडपणाची पातळी, खाली येते. येऊ दे. अवघड प्रोजेक्ट हिवाळ्यात कुठे पळून जात नाहीत, भेंडी मात्र परवा निबर होते.

दोराचं एक सांगायचंच आहे, कारण हे शेतावर राहणाऱ्या क्लाइंबरलाच भोवू शकतं. शेतावरच्या खोलीत खतं, फवारणीची औषधं, पंपाची बॅटरी, डिझेल सगळं एकत्र असतं आणि आपण दमून आलो की दोराची पिशवीही तिथेच टाकतो. दोर नायलॉनचा असतो आणि नायलॉनला आम्लाचं वावडं आहे. बॅटरीतल्या आम्लाचा ओघळ, नुसती वाफसुद्धा, दोर आतून कमजोर करू शकते. वरून काहीच दिसत नाही, डाग पडेलच असं नाही. हार्नेस (कंबरेला बांधायचा पट्टा) आणि स्लिंग (पट्टीचे फासे) यांचंही तेच. सामान राहत्या खोलीत, सावलीत, कोरड्या जागी ठेवा. आणि फवारणी झालेल्या दिवशी त्याच हातांनी चॉकची, म्हणजे हाताचा घाम टिपणाऱ्या पुडीची, पिशवी उघडू नका.

सगळ्यात अवघड काय विचाराल तर जोडीदार. कड्यावरच्या लोकांना शनिवार-रविवार मोकळे असतात आणि बाजार नेमका त्याच सुमाराला असतो. बाजाराच्या आदला दिवस तोडणी, धुणं, प्रतवारी आणि जुड्या बांधणं यात जातो, तो कधीच आपला नसतो. त्यामुळे माझी जोडीदार नर्समध्ये शोधून सापडली. तिला पाळ्या असतात, मला तोडे. आम्ही दर आठवड्याला दोन तक्ते शेजारी ठेवतो आणि कधी कधी त्यात एकही चौकोन जुळत नाही.

तुम्हाला असं काम धरायचं असेल तर मालकांना आधी विचारून घ्या: दिवसाआड तोडायची पिकं कोणती, बाजाराचे दिवस कोणते, पाऊस पडला की सुट्टी की छपराखाली प्रतवारीचं काम, आणि राहायची खोली औषधांच्या खोलीपासून वेगळी आहे का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं तर खोली दुसरीकडे बघा. पहिल्याचं उत्तर ‘भेंडी, काकडी, घेवडा, सगळंच’ असं आलं, तर त्या उन्हाळ्यात फार तर बोल्डरिंग होईल, दोर घरीच ठेवून निघा.